वणव्यानंतरचा पाऊस

३१ डिसेंबर १९३३. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या ला क्रेसेंटा खोऱ्यात दोन दिवसांपासून पाऊस कोसळत होता. ओढे फुगलेले पाहून काहीजण माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' संघटनेच्या सभागृहात आसऱ्याला गेले. मध्यरात्रीच्या सुमारास, नवं वर्ष लागता लागता, वरच्या दरीतून जे खाली आलं त्याला नुसता पूर म्हणता येणार नाही. चिखल, झाडांचे बुंधे आणि प्रचंड धोंडे यांचा, ओल्या काँक्रीटसारखा दाट लोंढा होता तो. सभागृहाच्या भिंती फोडून तो आरपार गेला. आसऱ्याला आलेल्यांपैकी १२ जण तिथेच दगावले. खोऱ्यात एकूण ४० हून अधिक माणसं गेली, शेकडो घरं मोडली.

पाऊस किती? सुमारे १२ इंच, म्हणजे ३०० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला जुलैत एवढा पाऊस एका दिवसातही पडतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. खरं कारण सहा आठवडे आधीचं होतं. नोव्हेंबरमध्ये या डोंगरावर वणवा पेटला आणि हजारो एकर झुडपी रान जळालं. ज्या दऱ्या जळल्या नव्हत्या, त्यांतून त्याच पावसात तुलनेने फारच कमी गाळ आला.

तिथल्या झुडपांच्या पानांत मेणासारखी द्रव्यं असतात. आगीत त्यांची वाफ होते, ती मातीत शिरते आणि थोड्या खोलीवर थिजते. मग वरची राख-माती भिजते, पण पाणी खाली मुरत नाही. त्यात मुळं जळाल्याने सुटलेली माती आणि दगड पाऊस यायच्या आधीच घरंगळत ओढ्यांत साठलेले असतात. म्हणून इथे दिवसभराचा पाऊस मोजून भागत नाही. पंधरा मिनिटांत किती पडला, ते बघावं लागतं.

या आपत्तीनंतर दऱ्यांच्या तोंडाशी गाळ अडवणारी मोठमोठी कुंडं बांधली गेली. ती उपयोगी आहेत, पण भरली की उपसावी लागतात, आणि एखाद्या रात्री पुरतही नाहीत.

९ जानेवारी २०१८ ची रात्र तशी होती. सँटा बार्बराजवळच्या माँटेसिटोच्या वरचे डोंगर ४ डिसेंबरला लागलेल्या थॉमस वणव्यात जळाले होते. तो वणवा अधिकृतपणे पूर्ण आटोक्यातही आला नव्हता. पहाटे पाच मिनिटांत जवळजवळ अर्धा इंच पाऊस पडला आणि २३ जणांचा जीव गेला. धोक्याचा पट्टा नकाशावर आधीच आखलेला होता. रस्त्याच्या वरच्या बाजूला घर सोडणं सक्तीचं, खालच्या बाजूला ऐच्छिक. खालचे बरेचजण घरीच झोपले होते. लोंढ्याने अर्थातच रस्ता मानला नाही. मोबाइल खणाणून उठवणारा इशारा गेला तो ३:५० च्या सुमारास. तोवर लोंढा वस्तीत शिरला होता.