कयाकिंग : काशीदला मुक्काम, सराव मात्र खाडीत

अलिबाग-मुरूड मार्गावरील काशीदचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा किनारा मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचा आवडता आहे. हिवाळ्यात सकाळच्या वेळी येथील समुद्र तलावासारखा स्थिर भासतो आणि प्रथमच कयाक चालवू पाहणाऱ्याला मोहात पाडतो. मात्र हा किनारा थेट अरबी समुद्राला भिडलेला आहे. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा हलकी कयाक नकळत खोल पाण्याकडे ढकलतो. जवळच्याच मुरूड येथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हाही पावसाळा नव्हता.

खाडी का?

नवशिक्यांसाठी खाडीचे पाणी अधिक योग्य. काशीदच्या उत्तरेस कुंडलिका नदीची रेवदंडा खाडी, तर दक्षिणेस मुरूडपलीकडे राजपुरी खाडी आहे. दोन्ही खाड्यांच्या मुखाशी प्रवाहाला ओढ असते आणि नौकांची ये-जा चालते. म्हणून मुखापासून बरेच आत, काठालगत व स्थानिक जाणकाराच्या सोबतीनेच सराव करावा.

वेळ कशी निवडावी?

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातील जुना ठोकताळा. दशमीला दहाची पाऊणपट म्हणजे सकाळी व सायंकाळी सुमारे साडेसात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह वेगवान असतो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, भांगाच्या वेळी, तो मंदावतो. त्यामुळे नवमी-दशमीची सकाळ नवशिक्याला सर्वाधिक अनुकूल ठरते. भरती पूर्ण होताना पाणी काही काळ थबकते. तेवढ्यात सराव आटोपून, ओहोटीचा जोर वाढण्यापूर्वी काठावर यावे. अन्यथा प्रवाह समुद्राकडे खेचतो आणि काठाला चिखल उघडा पडतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी.

प्राथमिक तंत्र

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची, सीलच्या कातड्याने मढविलेली शिकारी होडी. पर्यटकांसाठी वर बसण्याची, उघडी प्लॅस्टिकची कयाक सोयीची असते. पाठ ताठ व गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे केवळ हातांनी न ओढता कमरेपासून धड वळवून मारावे. लाइफ जॅकेटचे पट्टे पाण्यात उतरण्यापूर्वीच आवळावेत. कयाक उलटल्यास पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न न करता तिलाच धरून राहावे. ती तरंगते आणि दुरून दिसते. पावसाळ्यात हा खेळ पूर्णपणे टाळावा.