पिरेनीज ओलांडून नातींकडे : इ.स. १२०० मधील एका आजीचा प्रवास

इ.स. ११९९ सरून १२०० उजाडले, त्या हिवाळ्यात पंच्याहत्तरी ओलांडलेली एक स्त्री पश्चिम फ्रान्समधून निघाली आणि पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमधील कॅस्टीलच्या राजदरबारी पोहोचली. तिथे तिची लेक राणी होती. लेकीला सासरी धाडून तीस वर्षे लोटली होती, आणि नातवंडांची गाठ याआधी कधी पडल्याची नोंद नाही. दोनेक महिन्यांनी ती परत फिरली तेव्हा त्यांतली एक बारा वर्षांची नात तिच्यासोबत होती. आजचा धागा या आजीविषयी आणि तिने केलेल्या निवडीविषयी.

ही स्त्री म्हणजे ॲक्विटेनची एलिनॉर. नैर्ऋत्य फ्रान्समधील विस्तीर्ण ॲक्विटेन प्रांताची वारसदार, आधी फ्रान्सचा राजा सातवा लुई याची राणी आणि मग इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची. दुसऱ्या क्रुसेडमध्ये ती पहिल्या पतीसोबत पूर्वेकडे जाऊन आली होती. दुसऱ्या पतीविरुद्ध मुलांनी ११७३ मध्ये केलेल्या बंडात ती सामील झाली आणि त्यापायी सुमारे सोळा वर्षे नजरकैदेत राहिली. ११८९ मध्ये हेन्री वारला तेव्हाच तिची सुटका झाली. तिच्यावर कादंबऱ्या, नाटके, चित्रपट पुष्कळ झाले, पण ते बहुधा तिच्या तारुण्यात आणि संसाराच्या भांडणांत रमतात. तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला अधिक विलक्षण वाटतो.

दोन विवाहांतून तिला दहा अपत्ये झाली. ६ एप्रिल ११९९ रोजी तिचा लाडका रिचर्ड, ज्याला आपण ‘सिंहहृदयी’ म्हणून ओळखतो, एका किरकोळ किल्ल्याच्या वेढ्यात बाण लागून मेला. त्याच वर्षी कन्या जोन हिचेही बाळंतपणात निधन झाले. वर्षअखेरीस दहांपैकी दोनच अपत्ये हयात होती : इंग्लंडच्या गादीवर नुकताच बसलेला जॉन आणि दूर कॅस्टीलमध्ये नांदणारी लिओनोर.

लिओनोरची पाठवणी ११७० मध्ये झाली. तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती आणि नवरा, कॅस्टीलचा राजा आठवा अल्फोन्सो, चौदा-पंधरा वर्षांचा. त्या काळच्या राजकन्येचे माहेर लग्नासोबतच संपे. दळणवळण अवघड होते हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की ती आता दुसऱ्या राज्याची ठेव होती. मराठेशाहीतल्या सोयरिकींचा इतिहास वाचणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजवावी लागणार नाही. मायलेकींची पुन्हा भेट व्हावी यासाठी सवड किंवा माया पुरेशी नसे. त्यासाठी राज्याचे काहीतरी काम निघावे लागे.

ते काम ११९९ च्या अखेरीस निघाले. जॉन आणि फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस यांच्यात तहाची बोलणी चालू होती. तह पक्का करण्यासाठी फिलिपचा मुलगा लुई याचा विवाह जॉनच्या भाचीशी व्हावा असे ठरत होते. जॉनला तेव्हा औरस अपत्य नव्हते, म्हणून भाची. कॅस्टीलमध्ये लिओनोरच्या थोरल्या मुलीचे, बेरेंगेलाचे, लग्न होऊन ती शेजारच्या लेओन राज्याची राणी झाली होती. लग्नाच्या वयाच्या दोघी उरल्या : उर्राका आणि तिच्याहून धाकटी ब्लांका. यांपैकी एकीला आणायचे होते.

निघताच विघ्न आले. लुझिन्यान घराण्याचा सरदार ह्यू याने वाटेतच तिला अडवले. ला मार्श हा परगणा एलिनॉरच्या पतीने ११७७ मध्ये तिथल्या काउंटकडून विकत घेतला होता. लुझिन्यानांचा त्यावर जुना दावा होता. परगणा द्या, तरच पुढे जाता येईल, अशी ह्यूची अट. एलिनॉरने परगणा देऊन टाकला आणि ती पुढे निघाली. सुनेला, म्हणजे रिचर्डच्या वाग्दत्त वधूला, घेऊन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून सिसिलीपर्यंत जाणारी (११९१), आणि त्याच रिचर्डला कैदेतून सोडवण्यासाठी दीड लाख मार्क चांदीच्या खंडणीची जुळवाजुळव करून स्वतः जर्मनीत पोहोचणारी (११९४) ही बाई एका परगण्यापायी मोहीम थांबवणार नव्हती.

अंतराचा अंदाज असा : प्वातिए नगरापासून कॅस्टीलमधील बुर्गोसपर्यंत जरी मोजले, तरी वाट सुमारे सातशे किलोमीटरची. सांतियागोच्या यात्रेकरूंमुळे मार्ग वाहता होता, वाटेत मठ आणि धर्मशाळा होत्या. पण जानेवारीतली पिरेनीजची थंडी यात्रेकरू आणि राणी असा भेद करत नाही.

कॅस्टीलच्या दरबारात त्या दोन महिन्यांत काय घडले? उर्राका थोरली, म्हणजे रीतीप्रमाणे पहिला मान तिचा. एलिनॉरने निवडले ब्लांकाला. याची एक कथा पुढे रूढ झाली : ‘उर्राका’ हे नाव फ्रेंचांच्या कानाला फारच विचित्र वाटेल, ‘ब्लांका’चे ‘ब्लांश’ मात्र सहज होईल, म्हणून धाकटी निवडली. कथा गमतीदार आहे आणि जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते. पण नाव बदलणे हा त्या काळी राजघराण्यांसाठी अवघड प्रकार नव्हता, तेव्हा एवढ्यावरून निवड झाली असेल हे मला पटत नाही.

माझे अनुमान वेगळे आहे. पुढे फ्रान्सची राणी होणारी मुलगी निवडायची होती, आणि त्या कामासाठी एलिनॉरइतका अधिकार युरोपात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ११३७ मध्ये ती स्वतः अशीच कोवळ्या वयात दक्षिणेतून पॅरिसला सून म्हणून गेली होती. तिथला कर्मठ दरबार, परक्या चालीरीतींबद्दलचा संशय, मुलगा होत नाही म्हणून होणारी कुजबुज, हे सारे तिने पंधरा वर्षे सोसले. शेवटी ११५२ मध्ये तो विवाह रद्द झाला. नुसती मुलगी आणायची असती तर एखादा बिशप आणि पन्नास घोडेस्वार पुरले असते. म्हाताऱ्या राणीने स्वतः जावे, दोन महिने राहावे आणि थोरली सोडून धाकटी घ्यावी, याचा अर्थ तिला त्या मुलींना जवळून पारखायचे होते. आपल्याकडे नातवंडांना दुधावरची साय म्हणतात. इथे आजीच्या मायेत राज्याचा हिशेब मिसळलेला होता, आणि त्यामुळे ती माया खोटी ठरते असे मला वाटत नाही.

ब्लांकाचा जन्म ४ मार्च ११८८ चा. प्रवासाच्या सुमारास तिने नुकतीच बारा वर्षे पूर्ण केली होती. आजी आणि नात यांना एकमेकींची अशी सलग सोबत बहुधा याच वाटेवर लाभली. ईस्टरला, म्हणजे ९ एप्रिल १२०० रोजी, दोघी बोर्दोमध्ये होत्या. रिचर्डचा जुना भाडोत्री सेनानी मर्काडिए राणीच्या भेटीला तिथे आला होता. दुसऱ्याच दिवशी एका प्रतिस्पर्धी सरदाराच्या माणसाने त्याचा भर शहरात खून केला. आजोळच्या भूमीत ब्लांकाचे स्वागत असे झाले.

तिथून एलिनॉर फॉन्तेव्रोच्या मठात गेली आणि थांबली. नातीला पुढे नेण्याचे काम तिने बोर्दोच्या आर्चबिशपवर सोपवले. वय आणि लांबचा प्रवास यांनी ती थकली होती, असे समकालीन इंग्रज इतिवृत्तकार रॉजर ऑफ हाउडन सांगतो. २२ मे रोजी ल गुले येथे तह झाला, २३ मे रोजी विवाह. विवाह फ्रान्सच्या राज्यात न होता नॉर्मंडीतल्या पोर-मोर गावी, जॉनच्या हद्दीत झाला. कारण फिलिपने दुसरी राणी टाकून तिसरी केल्यामुळे पोपने त्याच्या राज्यात धर्मविधींवर बंदी घातली होती. नवरदेव लुई बारा वर्षांचा होता, नवरीहून थोडा मोठा.

या सोयरिकीने मिळवलेली शांतता दोन वर्षे टिकली. १२०२ मध्ये युद्ध पेटले आणि एलिनॉरच्या वाट्याला नातवंडाच्या भेटीचा आणखी एक प्रसंग आला. तिच्या मृत मुलाचा, जेफ्रीचा, मुलगा आर्थर हा पंधरा वर्षांचा होता आणि काका जॉनविरुद्ध फिलिपला मिळाला होता. आजी मिरबोच्या किल्ल्यात आहे हे कळताच त्याने तिथे जाऊन तिलाच वेढले. जॉनला ओलीस म्हणून आईइतके मोठे माणूस सापडणार नव्हते. नगर पडले, आजी आतल्या बुरुजात तग धरून राहिली. जॉनने विजेच्या वेगाने कूच केले आणि १ ऑगस्टच्या पहाटे छापा घालून सगळ्यांना पकडले. आर्थर कैदेत गेला; १२०३ नंतर तो कोणाला दिसला नाही.

एलिनॉर १२०४ च्या वसंतात वारली आणि फॉन्तेव्रोमध्ये हेन्री व रिचर्ड यांच्याजवळ तिला पुरले. तिच्या थडग्यावरील शिल्पात ती पहुडलेली आहे आणि हातात उघडे पुस्तक आहे. तिचे डोळे मिटताच जावई अल्फोन्सोने, गॅस्कनी हा आपल्या पत्नीचा हुंडा आहे असे म्हणत त्या प्रांतावर स्वारी केली.

मागे राहिलेल्या उर्राकाचे लग्न पोर्तुगालच्या राजपुत्राशी झाले आणि ती तिथली राणी झाली. बहिणी दुरावल्या, पण पत्रे चालू राहिली असावीत : १२१२ मध्ये वडिलांनी लास नावास दे तोलोसाची लढाई जिंकली, तेव्हा बेरेंगेलाने ब्लांशला त्या विजयाचे वर्णन लिहून पाठवले, आणि ते पत्र आज उपलब्ध आहे.

ब्लांशने मात्र आजोळच्या लोकांना चकित केले. १२१६ मध्ये इंग्लंडच्या बंडखोर सरदारांनी जॉनच्या जागी तिच्या पतीला बोलावले. लुईने हक्क सांगितला तो पत्नीच्या नावाने, ती दुसऱ्या हेन्रीची नात म्हणून! ज्या नात्याने तह सांधायचा होता, त्याच नात्यावर स्वारी उभी राहिली. पतीची कुमक संपत आली तेव्हा सासऱ्याने हात आखडता घेतला; त्यावर ब्लांशने, पैसे न दिल्यास मी मुले गहाण ठेवीन, अशी धमकी दिली असे तेराव्या शतकातला एक कथनकार रंगवून सांगतो. मुलांवर ती वेळ आली नाही, पण कॅलेत तिने आरमार खरोखर जमवले. ऑगस्ट १२१७ मध्ये सँडविचजवळ ते इंग्रजांनी बुडवले आणि लुई दहा हजार मार्क घेऊन परतला.

नऊ वर्षांनी, १२२६ मध्ये, लुई मरण पावला आणि फ्रान्सचा कारभार ब्लांशच्या हाती आला. सरदार तिला ‘परकी’ म्हणून हिणवत होते आणि गादीवर होता तिचा मुलगा, पुढे संत म्हणून गौरवला गेलेला नववा लुई. राज्याभिषेकाच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे होते.