मांडीवरचा पीळ

पामर्स्टन नॉर्थमधल्या त्या शनिवारच्या वर्गात मी एकटीच हसले आणि का हसले ते कुणाला सांगता येईना. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, की माओरी शालीतले उभे दोरे म्हणजे 'फेनु' आणि त्या उभ्या दोऱ्यांना एकेक करून जखडत जाणारा आडवा दोरा म्हणजे 'अहो'. ज्यांना मी चाळीस वर्षं अहो म्हणत आले, ते बाहेर गाडीत बसून क्रिकेट ऐकत होते.

मुलाकडे न्यूझीलंडला आले ती नातवाच्या बारशाला. मग राहिलेच. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, पार्किंगच्या कडेनेसुद्धा एक झुडूप दिसायचं: पुरुषभर उंच, तलवारीसारखी सरळसोट पानं. मी माणदेशातली. मला ते बिनकाट्यांचं घायपात वाटलं. इथले लोक त्याला फ्लॅक्स म्हणतात, आणि ते चूक आहे. फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस. कॅप्टन कुकच्या माणसांनी 1769 मध्ये इथल्या लोकांच्या अंगावरचं कापड पाहिलं, धागा जवसाच्या धाग्यासारखा वाटला आणि नाव चिकटवून मोकळे झाले. माओरी नाव हाराकेके.

हे कापड मुळात नाइलाजातून आलं. साधारण 1250 ते 1300 च्या सुमारास पॉलिनेशियातून होड्या घेऊन माणसं इथे उतरली, तेव्हा त्यांनी आपली कापडाची झाडंही बरोबर आणली होती. ताहिती, सामोआ, टोंगा या बेटांवर आउते नावाच्या झाडाची साल भिजवून, बडवून बडवून तिचं कापड करतात. विणायचं कामच नाही. इथल्या थंडीत मात्र आउते नीट रुजेना. कुकला उत्तरेकडच्या उबदार भागात त्याची मोजकी रोपं कौतुकाने दाखवली गेली. कापड इतकं थोडं निघायचं, की ते कानात घालून मिरवायचे. पुढे तेही झाड गेलं. बेटांवर चटया विणायच्या त्या केवड्याच्या पानांच्या, तर केवडाही इथे नाही. त्याचं 'फारा' हे नाव तेवढं बरोबर आलं आणि हाराकेकेच्या धाकट्या भावाला, 'फारारिकी'ला, जाऊन बसलं. गाव सोडलेल्या माणसांचं असंच होतं. मीही इथे कुठल्या कुठल्या पाल्याला मेथी म्हणते.

वर्गाचा पहिला दिवस विणण्याचा नव्हताच, पान कापण्याचा होता. आमच्या बाईंना सगळे 'फाएआ' म्हणतात. आई, मावशी आणि शिक्षिका, तिन्हीला एकच शब्द. त्यांनी झुडपापाशी उभं करून दाखवलं: मधला कोवळा कोंब म्हणजे रितो, म्हणजे मूल. त्याच्या दोन्ही बाजूंची दोन पानं म्हणजे आईबाप. ही तीन कधीही कापायची नाहीत. त्याच्या बाहेरचे आजी-आजोबा, ते कापायचे. कापही तिरका द्यायचा, मधल्या कोंबापासून बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पावसाचं पाणी गाभ्यात मुरत नाही आणि झाड कुजत नाही. आधी प्रार्थना. पावसात कापायचं नाही, रात्री कापायचं नाही, कामाजवळ खायचं नाही, पसरलेल्या पानांवरून ओलांडून जायचं नाही. उरलेला पाला कचऱ्यात टाकायचा नाही, झाडाच्या बुडाशी परत ठेवायचा. जुन्या रीतीप्रमाणे पाळीच्या दिवसांत बाईने पान कापायचं नाही, हेही त्यात आलं. हे ऐकलं आणि मला आमच्या घरातली लोणच्याची बरणी आठवली. त्या बरणीवरून मी सासूबाईंशी एकदा चांगली भांडले होते. फाएआंना विचारलं, तुम्ही पाळता का? त्यांनी खांदे उडवले. म्हणाल्या, ज्या घरात शिकलात त्या घरचं पाळा. मी कुठल्याच घरात शिकलेली नव्हते, त्यामुळे प्रश्न तिथेच राहिला.

पानाच्या नुसत्या पट्ट्या काढून विणल्या की टोपली होते, तिला केते म्हणतात. शालीसाठी मात्र पानातला वाख काढावा लागतो. त्याला शब्द 'मुका'. पानाच्या कमी चकचकीत बाजूला हलकी आडवी चीर द्यायची, खाली शिंपल्याची कड धरायची आणि पान जोर देऊन ओढायचं. हिरवा गर खरवडून निघतो आणि हातात राहतो तो फिकट, रेशमासारखा झुपका. शिंपला म्हणजे आपल्या रायगड-रत्नागिरीकडच्या बायका खोबणीतून काढतात त्या कालवासारखा नाही, लांबट, हिरव्या कडेचा. माझ्याकडून पहिली सहा पानं फाटली. सातव्याला सर्रकन आवाज आला, आणि फाएआंनी मागे न बघताच मान हलवली. काम जमलं की आवाज बदलतो, एवढं त्यांच्या कानाला पुरतं.

मग त्या वाखाचे दोन पदर पायावर ठेवून तळव्याने पुढे लोटायचे, पीळ बसला की हात उलटा मागे आणायचा. दोन पदर एकमेकांत गुंततात आणि दोरा तयार. याला मिरो म्हणतात. वर्गातल्या इतर बायका धडपडत होत्या. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सुरू केलं. फाएआ थांबल्या. कुठे शिकलीस, म्हणाल्या. आता त्यांना चातुर्मास कसा समजावून सांगायचा? आजी ओसरीवर बसून लक्ष वाती वळायची, मांडीवर राख लावून, आणि आम्ही पोरी तिच्या शेजारी. मी म्हटलं, देवाच्या दिव्यासाठी. त्यांना ते पटलं.

या वाखाचा वास दर्यावर्दी इंग्रजांना लागला नसता तरच नवल. जहाज म्हणजे शिडं आणि दोरखंड. 1788 मध्ये नॉरफोक बेटावर इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली त्यात तिथलं हेच झुडूप हे एक आमिष होतं. झाड मिळालं, कैदी मिळाले, पण पानातून चांगला धागा काही निघेना. तेव्हा तिथला अधिकारी फिलिप गिडली किंग याने ठरवलं, की ज्यांना येतं त्यांनाच आणू. 1793 मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळून तुकी आणि हुरु या दोन माणसांना जहाजावर फसवून घेतलं आणि शेकडो मैलांवरच्या नॉरफोकला नेऊन उतरवलं. शिकवा म्हणाले. त्यांना काय येणार? एक पुरोहित, दुसरा लढवय्या. वाख काढणं हे बायकांचं काम. दोघांनी घरातल्या बायकांना करताना जितकं पाहिलं होतं तितकं दाखवलं, आणि ते थोडंच होतं.

मला हा प्रसंग फार आवडतो. साम्राज्याने माणसं पळवली, तीही चुकीची. आमच्या गावात कुणी गोऱ्या साहेबाने पुरणपोळी शिकायला पाटलाला उचलून न्यावं, तसं. किंगच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की त्याने दोघांना स्वतःच्या घरी ठेवलं, दिलेला शब्द पाळला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्वतः जहाजावर बसून त्यांना परत सोडून आला, बरोबर डुकरं आणि बियाणं देऊन. परवानगीशिवाय ठाणं सोडलं म्हणून वरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. तिथल्या मुक्कामात तुकीने आपल्या देशाचा नकाशा काढला. माओरी माणसाने काढलेला तो सर्वांत जुना माहीत असलेला नकाशा. धागा नाही मिळाला, नकाशा मिळाला.

पुढच्या चाळीस वर्षांत खुद्द बायकांपर्यंतही व्यापार पोचला, पण तो बंदुकीच्या वाटेने. शेजारच्या टोळीकडे बंदूक आली की आपल्याकडे नसून चालत नव्हतं, आणि बंदुकीचा भाव होता साफ केलेला वाख, साधारण एक टनाला एक. टनभर वाख शिंपल्याने, पान पान करून. 1831 च्या सुमारास हा व्यापार शिखरावर होता. वाड्यावस्त्या टेकड्यांवरून उठून दलदलीच्या कडेला गेल्या, कारण हाराकेके तिथे. ओल, थंडी, आजार. 1830 मध्ये जॉन स्टुअर्ट नावाच्या एका कप्तानाने तर वाखाच्या बोलीवर ते राउपाराहा या सरदाराला आणि त्याच्या लढवय्यांना आपल्या जहाजात लपवून शत्रूच्या आकारोआ बंदरात नेलं. तिथे जे झालं ते कत्तलच. ठरलेला वाख स्टुअर्टला पुरता मिळालाही नाही.

मग गिरण्या. 1860 च्या दशकात पान खरवडणारं यंत्र आलं. आमच्यापासून अर्ध्या तासावरचं फॉक्स्टन हे त्या धंद्याचं गाव, आणि शॅननजवळची मिरानुई ही देशातली सगळ्यांत मोठी गिरणी, 1907 ते 1933. ओला वाख धुऊन मैलोन्‌मैल कुरणांवर वाळत घालायचे. या वाखाचा दोरखंड व्हायचा, सुतळी व्हायची, पुढे लोकरीची पोतीही. पण यंत्राचा वाख राठ. शिंपल्याचा रेशमी पोत त्याला कधी आला नाही, म्हणून त्याला लढावं लागलं ते मनिला आणि सिसाल यांच्याशी. सिसाल म्हणजे आपल्या घायपाताचंच सख्खं. त्यात पानं पिवळी पडण्याचा रोग, मग नायलॉन. 1985 मध्ये शेवटची गिरणी बंद झाली. फॉक्स्टनच्या संग्रहालयात ते यंत्र चालू करून दाखवतात. कानठळ्या बसतात. आमचे हे दोन मिनिटांत बाहेर आले.

या सगळ्या काळात शालींचं काय झालं, तर त्या थोड्या घरांत, थोड्या हातांत उरल्या. माग नाही, धोटा नाही. दोन खुंट्यांना दोरी बांधायची, तिला फेनु लटकवायचे आणि बोटांनी आडवे दोरे गुंफत वरून खाली यायचं. काळा रंग हिनाऊ झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून मग लोहाच्या काळ्या चिखलात बुडवून आणायचा. हा चिखल सुंदर आणि घातकी. त्यातलं लोह धाग्याला आतून खातं. जुन्या कोरोवाई शालींवरचे काळे गोंडे आज हात लावला तर भुग्यासारखे गळतात, पांढरा वाख तसाच राहतो.

किंग कंट्रीमध्ये, म्हणजे ते कुइती या गावाच्या आसपास, रांगिमारी हेतेत म्हणून एक बाई होत्या. जन्म 1892 चा. आईकडून शिकलेल्या. ही विद्या आपल्या कुळाबाहेर द्यायची नाही, अशी रीत. 1951 मध्ये माओरी महिलांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून या बाई दुसऱ्या टोळ्यांच्या बायकांनाही शिकवू लागल्या. टीका झाली. त्यांनी हिशेब साधा ठेवला: जपून ठेवलं तर संपेल. लेक डिगरेस ते कानावा यांनीही तोच मार्ग धरला. 1983 मध्ये तोकोमारू बेला विणकर बायकांचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. हेतेतबाई 103 वर्षं जगल्या. दुसऱ्या एक बाई, रेने ऑर्चिस्टन, गिझबर्नच्या, गोऱ्या. त्या 1950 च्या दशकापासून म्हाताऱ्या विणकरणींच्या परसात जाऊन विचारत, तुझ्या शालीचं झुडूप कुठलं? कारण मुका देणारं वेगळं, टोपलीचं वेगळं, चटईचं वेगळं, आणि प्रत्येकाला नाव. नगरपालिकेने रस्ता रुंद केला की एखादं नाव संपायचं. त्यांनी जमवलेली पन्नासावर वाणांची झुडपं 1987 मध्ये सरकारी संशोधन संस्थेत लावली गेली. आमच्या वर्गातलं कोहुंगा नावाचं झुडूप त्याच वाणांपैकी.

आमच्या गावाकडे बांधावरचं घायपात कापून, मोळ्या बांधून, दगडाखाली ओढ्याच्या डोहात कुजत घालायचे. पंधरा-वीस दिवस त्या बाजूला फिरकायची सोय नसायची इतका वास. मग ते दगडावर बडवून धुतलं की पांढरा वाख. बेंदराच्या आधी मातंगवाड्यातून नवे कासरे, दावी, म्होरक्या यायच्या, आणि वडील सुपाने ज्वारी घालायचे. कासरे घेऊन यायचा तो बाप्या. ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बडवायची ती त्याची बाई. मी तिला रोज शाळेत जाताना बघत होते. ती काय करते, किती दिवस भिजवते, वाख झाला हे तिला कशावरून कळतं, हे एकदाही विचारलं नाही. आता तिकडे सगळी नायलॉनची दावी.

तुमच्या गावात वाख वळणारं घर अजून असेल, तर या सुट्टीत जाऊन विचारा. दारात पुरुष भेटेल, तो सांगायलाही लागेल. तरी आतून बाई बाहेर येईपर्यंत थांबा.