जाडेंभरडें वस्त्र आणि शब्दाची अब्रू

इंग्रजींतील ‘फस्टियन’ हें मुळांत एका जाड्याभरड्या कापडाचें नांव. ताणा जवसाच्या सुताचा, बाणा कापसाचा. कैरोनजीकच्या फुस्तात या प्राचीन शहरावरून तें आलें, असें कांहीं कोशकार मानतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र लेखक मंडळी पोकळ, फुगीर भाषेलाच ‘फस्टियन’ म्हणूं लागली. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त (सुमारें १६०४) कॅसिओ आपल्या मद्यधुंद बडबडीला हाच शब्द लावतो. भपका भाषेचा आणि बदनामी बिचाऱ्या कापडाची!

पुढें मँचेस्टरकडे तें कामकऱ्यांचें नित्याचें वस्त्र झालें. त्यांच्या मताधिकारासाठीं झगडणाऱ्या चार्टिस्टांचा पुढारी फर्गस ओकॉनर ऑगस्ट १८४१ मध्यें यॉर्कच्या तुरुंगांतून सुटला, तो हेंच कापड अंगावर घालून. मजुरांना ‘फस्टियनचे डगले’ म्हणतात आणि उंची बनातीचे कपडे वापरणाऱ्यांहून आपण निराळे हें दाखविण्यासाठीं तेही स्वतःला तसेंच म्हणवितात, असें १८४५ सालीं एंगल्सनें नोंदविलें आहे.

लेखणीवाल्यांनीं ज्या शब्दाला पोकळपणा चिकटविला, त्याला तें कापड अंगावर वागविणारांनीं अब्रू दिली. सामान्य कोशांत मात्र आजही कापड आणि पोकळ भाषा हे दोनच अर्थ आढळतात. कोश लिहिणारांच्या अंगावर तो डगला नव्हता.