बावटा उतरेपर्यंत

२५ ऑगस्ट १७८१, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध. ॲडमिरल हुडच्या ब्रिटिश आरमाराने व्हर्जिनियाच्या चेसापीक उपसागरात डोकावून पाहिले. फ्रेंच नव्हते. हुड न्यूयॉर्ककडे गेला. महिना सरायच्या आत फ्रेंच ॲडमिरल द ग्रासच्या २८ युद्धनौका तीन हजारांवर सैनिक घेऊन तिथे आल्या. यॉर्कटाउनात लॉर्ड कॉर्नवॉलिसचे ब्रिटिश सैन्य याच पाण्यावरून येणाऱ्या मदतीवर विसंबून होते.

५ सप्टेंबर, सकाळी सुमारे साडेनऊ. हुडला घेऊन न्यूयॉर्कहून आलेल्या ब्रिटिश ॲडमिरल ग्रेव्ह्जला उपसागराच्या तोंडाशी, हेन्री भूशिरामागे डोलकाठ्या दिसल्या. त्याच्या नौका १९. फ्रेंचांच्या हाताशी २४. पण त्यांची जवळपास १,९०० माणसे सैन्य उतरवायला, पाणी-लाकूड आणायला होड्यांतून गेलेली.

दुपारी बारा. भरती थांबताच फ्रेंचांनी नांगर न उचलता दोर सोडून दिले. कित्येक तोफांना पुरेशी माणसे नव्हती.

एक. फ्रेंच नौका भूशिराला वळसा घालून विस्कळीतपणे बाहेर येत होत्या. आघाडी पुढे, बाकीच्या मागे दूर. वारा ब्रिटिशांच्या बाजूचा. लढाई इथेच हरली गेली, असे मला वाटते. ग्रेव्ह्ज आपली रांग नीट लावत राहिला.

दोन वाजून गेल्यावर समोर उथळ पाणी आले. त्याने सगळ्या नौका एकदम वळवल्या. आघाडीचा हुड पिछाडीला गेला. मग ग्रेव्ह्ज थांबला. फ्रेंचांचा मध्य समोर येऊ दिला.

सव्वाचार. तोफा सुरू झाल्या. ‘लंडन’ या ग्रेव्ह्जच्या नौकेवरून बावट्यांनी दोन आज्ञा दिल्या जात होत्या: रांग धरा, आणि शत्रूला भिडा. रांग तिरकी होती. आघाडी भिडली, पिछाडी तोफेच्या टप्प्याबाहेर राहिली. हुडने रांगेचा बावटा मानला.

सुमारे साडेपाच. तो बावटा उतरला. हुड वळला, पण उशीर झाला होता.

साडेसहा. सूर्यास्त, तोफा थांबल्या. ब्रिटिशांचे ९० ठार, २४६ जखमी. एकही नौका बुडाली नव्हती. गळकी ‘टेरिबल’ त्यांनी ११ तारखेला स्वतःच जाळली.

१० सप्टेंबर. दोन्ही आरमारे बाहेर समुद्रात घुटमळत होती, तेवढ्यात न्यूपोर्टहून निघालेला फ्रेंच बारास ८ युद्धनौका आणि यॉर्कटाउनच्या वेढ्यासाठी तोफा घेऊन उपसागरात शिरला. १३ तारखेला ग्रेव्ह्जने न्यूयॉर्कला परतायचे ठरवले.

९ ऑक्टोबर. यॉर्कटाउनला वेढा घातलेल्या अमेरिकन-फ्रेंच सैन्याच्या तोफा सुरू.

१९ ऑक्टोबर. कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून सुमारे ७,००० सैनिक घेऊन मदतीचा ताफा निघाला. तो २४ तारखेला चेसापीकबाहेर पोहोचला.