वकील आणि अशील

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली आहे. तरीहि ती पायरी चढावी लागतेच; कधीं भाडेकरूमुळें, कधीं भावाभावांच्या वांटणीमुळें, तर कधीं नुसत्या एका न फिटलेल्या हातउसन्यामुळें. पण पायरी चढल्यावर ज्याचा हात धरून पुढें जावयाचें, त्या वकिलाशीं आपण कसें वागावें आणि त्यानें आपल्याशीं कसें वागावें, ह्याविषयीं मात्र एकहि म्हण माझ्या ऐकण्यांत नाहीं. ही उणीव भरून काढण्याची खटपट आपल्या देशांतील कायदा सवादोनशें वर्षांहून अधिक काळ करीत आला आहे. तिचा थोडा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

मी कायदेपंडित नव्हे. आयुष्यभर शाळेंत इतिहास आणि गणित शिकविलें. स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. ह्या विषयाकडे मी वळलों तो एका घरगुती दुःखामुळें. १९७८ सालीं मी मॅट्रिकच्या वर्गांत असतांना माझ्या वडिलांचा बांधाचा एक दावा तालुक्याच्या न्यायालयांत चालूं होता. दावा चार वर्षें चालला आणि निकाल आमच्याविरुद्ध गेला. वकिलाची फी किती, हें पहिल्या दिवशीं ठरलेंच नव्हतें. वडिलांनीं विचारलें तेव्हां 'तें मागाहून पाहूं' असें वकीलसाहेब म्हणाले, आणि वडिलांना त्यांत सौजन्य वाटलें. पुढें तारखेगणिक वडील कांहीं रक्कम देत. पावती मागणें त्यांना अप्रशस्त वाटे, आणि देणें वकिलांना सुचत नसे. निकालानंतर वकिलांनीं बाकी सांगितली, वडिलांनीं ती नाकबूल केली, आणि बाकी फिटेपर्यंत दप्तर मिळणार नाहीं असें उत्तर आलें. अपिलाची मुदत तीस दिवसांची. जिल्ह्याच्या ठिकाणचे दुसरे वकील म्हणाले, आधीं कागद आणा, मग बोलूं. दोघांकडे हेलपाटे घालण्यांत मुदत गेली आणि तिच्यापाठोपाठ अकरा गुंठे जमीनहि गेली.

त्या वयांत मला तो वकील लुटारू वाटला. आज तसें वाटत नाहीं. चार वर्षें तो मनुष्य आमच्यासाठीं उभा राहिला होता. मग चुकलें कोठें, हा प्रश्न मनांत ठेवून पुढें मीं जुने कायदे चाळले, तेव्हां दिसून आलें कीं आमच्या घरचा तंटा मुळींच नवा नव्हता.

प्रथम शब्द पाहूं. 'वकील' हा शब्द मूळ अरबी. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा तो वकील. पेशव्यांच्या कागदपत्रांत वकील म्हणजे परदरबारीं ठेवलेला प्रतिनिधि. दिल्लीस हिंगणे मंडळी मराठ्यांची वकिली करीत, ती ह्याच अर्थानें. ज्याच्या वतीनें वकील बोलतो तो 'अशील', म्हणजे मूळ धनी. पेशवाईंत दिवाणी तंटे बहुधा पंचायतीपुढें चालत. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत, पंचांचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा देत, आणि निवाड्यानंतर जिंकणारा हरकी व हरणारा गुन्हेगारी सरकारांत भरीत असे. फी घेऊन दुसऱ्याचा वाद चालविणारा धंदेवाईक वर्ग त्या व्यवस्थेंत दिसत नाहीं. पंचायत निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. तिच्या दिरंगाईबद्दल एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ च्या अहवालांत लिहून ठेवलें आहेच.

संस्कृत ग्रंथांत मात्र ह्या फीचा विचार आढळतो. वादी किंवा प्रतिवादी स्वतः वाद चालविण्यास असमर्थ असेल तर त्यानें जाणता प्रतिनिधि नेमावा, असें शुक्रनीतींत सांगितलें असून त्याच्या वेतनाचें प्रमाणहि दिलें आहे. दाव्याच्या रकमेचा सोळावा हिस्सा, आणि रक्कम वाढत जाईल तसा विसावा, चाळिसावा, ऐंशींवा असा उतरता भाग. लोभानें अधिक घेणाऱ्यास राजानें शिक्षा करावी, असेंहि तेथें आहे. ह्या ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत मोठा मतभेद आहे. कित्येक तर तो अगदीं अलीकडचा मानतात. ग्रंथ केव्हांचाहि असो, लिहिणाराला वकिलाच्या फीचें दुखणें चांगलें ठाऊक होतें.

कंपनी सरकारनें प्रथम तोच मार्ग धरला. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या कारकीर्दींत, १७९३ सालीं, बंगालमध्यें सातवा रेग्युलेशन झाला. सनद मिळाल्याखेरीज कोणी वकिली करूं नये, फी दाव्याच्या रकमेवर ठराविक प्रमाणांत घ्यावी, आणि तीहून अधिक घेणारा काढून टाकला जावा, अशी त्याची व्यवस्था होती. सनद त्या वेळीं हिंदूंस व मुसलमानांसच मिळे. आपल्याकडे १८२७ च्या एल्फिन्स्टनसाहेबांच्या कायदेसंग्रहांतहि वकिलांसाठीं नियम घातले गेले. पुढें १८४६ च्या पहिल्या कायद्यानें हें सारें पालटलें. वकिलीचें दार सर्व जातिधर्मांच्या लोकांस खुलें झालें, ही गोष्ट उत्तमच झाली. पण त्याच कायद्यानें वकील व अशील ह्यांना फीचा करार आपसांत करण्याची मोकळीकहि दिली. करारस्वातंत्र्य हें त्या काळच्या विलायती विचाराचें लाडकें अपत्य होतें. ज्याला कायद्याचें एक अक्षर कळत नाहीं तो, आणि ज्याचें पोट त्याच कायद्यावर आहे तो, असे दोघे करारास बसले म्हणजे स्वातंत्र्य कोणाच्या वांट्यास किती येतें, हा हिशेब त्या विचारांत नव्हता.

तो हिशेब १८७९ च्या वकिलांच्या कायद्यानें मांडला. हा कायदा आरंभीं मुंबई इलाख्यास सर्वस्वीं लागू नव्हता. मध्यप्रांतास, म्हणजे आपल्या नागपुराकडे, तो पहिल्यापासून होता. त्याचीं दोन कलमें मला फार शहाणपणाचीं वाटतात. एक असें कीं फीचा करार लेखी हवा, त्यावर अशिलाची सही हवी, आणि सही झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत तो न्यायालयांत दाखल झाला पाहिजे. नाहींतर तो करारच नव्हे. दुसरें असें कीं त्या करारावरून वकिलानें दावा आणला आणि करार न्याय्य व वाजवी ठरला नाहीं, तर न्यायालयानें रक्कम कमी करावी किंवा करार रद्द करावा. पुढें १८९६ सालीं दलालांच्या याद्या लावण्याचीहि तजवीज झाली. कचेरीच्या फाटकाशीं उभे राहून खेडुतांना हेरणारे आणि वकिलाकडून कमिशन उकळणारे हे लोक त्या वेळीं फार माजले होते.

त्याच १८७९ सालीं आमच्या दक्षिणेंत निराळाच प्रयोग झाला. मे १८७५ मध्यें सुप्याच्या बाजारांत दंगा सुरू होऊन पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे खत-रोखे जाळले. त्यानंतरच्या चौकशींतून दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला आणि पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्याअन्वयें शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत आणि सलोखा घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्यांपुढें वकिलांना बंदीच करण्यांत आली! मोठ्या दाव्यांत विरुद्ध बाजूस वकील असेल आणि शेतकरी गरीब असेल, तर न्यायाधीशानें त्याच्या संमतीनें सरकारी वकील किंवा दुसरा लायक मनुष्य त्याच्या बाजूनें उभा करावा, अशीहि सोय होती. ह्यांपैकीं दुसरी कल्पना मला पटते, पहिली पटत नाहीं. वकील नसला तरी सावकारास कोर्टाचे कोनेकोपरे पाठ असतात. वकिलास बाहेर काढल्यानें सावकार कांहीं कमी जाणता होत नाहीं. उघडा पडतो तो शेतकरी.

मुंबई शहराची तऱ्हा वेगळी. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत अशिलाची गांठ सॉलिसिटरशीं आणि सॉलिसिटरची बॅरिस्टरशीं, असा दुहेरी कारभार १९७७ पर्यंत चालला. इंग्लंडच्या परंपरेप्रमाणें बॅरिस्टरची फी हें मानधन मानलें जाई. तिच्यासाठीं त्याला दावा लावतां येत नसे, आणि उलट त्याच्या हयगयीबद्दल अशिलालाहि त्याच्यावर दावा लावतां येत नसे. १९२६ च्या वकील-फी कायद्यानें दोन्ही दोर एकदम कापले. फी वसूल करण्यासाठीं वकिलास न्यायालयांत जाण्याचा हक्क मिळाला, आणि काम चालवितांना झालेल्या निष्काळजीपणाच्या नुकसानीबद्दल केवळ वकील म्हणून त्याला सूट मिळणार नाहीं, असेंहि ठरलें. जिंकल्यास वसुलींतून वांटा घेण्याचा करार मात्र १९५४ सालीं, मुंबईच्याच एका वकिलाच्या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें धंद्यास न शोभणारें वर्तन ठरविला.

येथें एका बॅरिस्टरची आठवण होते. १८९२ च्या सुमारास मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत मामीबाई नांवाच्या बाईंच्या वतीनें उभे राहिले. फी तीस रुपये. दलालास कमिशन देण्याचें त्यांनीं आधींच साफ नाकारलें होतें. उलटतपासणीस उठले, पण तोंडांतून शब्द फुटेना. ते खालीं बसले, फी परत घेऊन पटेल वकिलांना काम द्या असें सांगितलें, आणि कोर्टांतून निघून गेले. पटेलांनीं तें काम एक्कावन्न रुपयांस केलें. ह्या प्रसंगाला लोक हंसतात, पण आपल्याच्यानें काम होत नाहीं हें वेळेवर सांगून पैसे परत करणारा वकील कोणत्या अशिलास नको आहे? पुढें १८९३-९४ मध्यें आफ्रिकेंत दादा अब्दुल्ला व तय्यब शेट ह्यांच्या दाव्यांत वकिलांच्या फीच दोघांना खाऊन टाकतील असें पाहून त्याच गांधींनीं दोघांना लवादाकडे नेलें. दादा अब्दुल्लांच्या बाजूनें सदतीस हजार पौंडांचा निवाडा झाला, आणि हरलेल्याचें दिवाळें वाजूं नये म्हणून ती रक्कम हप्त्यांनीं घेण्यास गांधींनीं आपल्याच अशिलाचें मन वळविलें.

तडजोडीचा विषय निघाला म्हणून सांगतों, फीखालोखाल भांडण होतें तें ह्याच गोष्टीवरून. 'मला न विचारतां वकिलानें मिटवून टाकलें,' ही तक्रार आपण ऐकतों. १९७७ पासून दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यांत तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी असा पालट झाला. परंतु पक्षकार म्हणजे त्याचा अधिकृत वकीलहि, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १९९१ मध्यें मुंबईच्या एका प्रकरणांत लावला. अखेर २०१५ मध्यें त्याच न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं अशिलाच्या आज्ञेवांचून वकिलानें त्याचा हक्क सोडून देणारी कबुली देऊं नये. वकीलपत्रावर सही करतांना त्यांतील बारीक अक्षरें वाचणारे अशील किती असतात, हें मात्र न्यायालयाला विचारून कळणार नाहीं.

वकील तारखेस हजरच राहिला नाहीं तर? १९८१ सालीं रफीक नांवाच्या खेडुताचें अपील असें निकालांत निघालें होतें. योग्य वकील निवडून, त्याची फी भरून गांवीं परतलेल्या माणसास वकिलाच्या कसुरीची शिक्षा देणें न्याय नव्हे, असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां चालविण्यास लावलें. प्रत्येक गैरहजेरीस अशी माफी मिळते असें समजणें मात्र धोक्याचें होय.

वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलकडे करावयाची असते. शिस्तसमितीनें ती एका वर्षांत निकालांत काढावी, न निघाल्यास ती भारतीय बार कौन्सिलकडे जाते. ग्राहक आयोगाचा मार्ग कांहीं काळ खुला वाटत होता. २००७ सालीं राष्ट्रीय आयोगानें तसें ठरविलेंहि होतें. १४ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो बंद केला. वकील अशिलाच्या नियंत्रणाखालीं काम करतो, म्हणून ही व्यक्तिगत सेवा होय, असा त्यामागील एक विचार आहे. अशील म्हणजे मूळ धनी, हा जुना अर्थच तेथें पुन्हां डोकावतो. पण हातांत टोपी धरून वकिलाच्या ओसरीवर बसलेले माझे वडील त्या वकिलावर नियंत्रण ठेवीत होते, ही कल्पना करतांना मला हंसूं आल्यावांचून राहत नाहीं.

राहिला दप्तराचा प्रश्न. मध्यप्रदेशांतील एका सहकारी बँकेनें १९९३ मध्यें आपला वकील बदलला आणि फायली परत मागितल्या. वकिलानें ९७,१०० रुपयांचें बिल पुढें केलें व तें फिटेपर्यंत फायली अडकवून ठेवल्या. ऑगस्ट २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं फीसाठीं अशिलाचे कागद अडकवून ठेवण्याचा वकिलास अधिकार नाहीं. फी येणें असेल तर तिच्यासाठीं त्यानें रीतसर दावा करावा. त्या वकिलास समितीनें अठरा महिने वकिलीस बंदी केली होती. हा प्रश्न तोंवर पुरता स्पष्ट नव्हता हें ध्यानांत घेऊन न्यायालयानें ती ठपक्यावर आणली.

तो निर्णय मीं वर्तमानपत्रांत वाचला तेव्हां वडील हयात नव्हते. पुढें दोनतीन वर्षांनीं आमचे ते वकीलहि वारले, आणि त्यांच्या चिरंजिवांनीं जुनीं दप्तरें ज्याचीं त्याला पोंचतीं केलीं, त्यांत आमचेंहि आलें. लाल फडक्यांत सर्व कागद जसेच्या तसे होते. वर वकिलांच्या हातची हिशेबाची चिठ्ठी टांचलेली होती. मीं वडिलांची खर्चाची वही काढून ती चिठ्ठी तिच्याशीं ताडून पाहिली. वडिलांनीं कारकुनाच्या हातीं दिलेल्या दोन रकमा वहींत होत्या, चिठ्ठींत नव्हत्या. बाकी सारे आंकडे जुळत होते. त्या दोन रकमा मिळून पंच्याऐंशीं रुपये होत होते, आणि वकिलांनीं सांगितलेली बाकी तेवढीच होती.