स्कॉटलंडचे उत्सव आणि इंदूरची दिवाळी

विद्येसाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यास त्या देशाची ओळख कशाने होते? ग्रंथांनी होते ती तेथील विद्येची. तेथील माणसांची ओळख व्हावयाची ती त्यांच्या घरी आणि त्यांच्या सणावारी. स्कॉटलंडात शिकावयास जाणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांस हा अनुभव विशेषेकरून येतो.

३० नोव्हेंबर हा संत अँड्र्यूचा दिवस आणि २५ जानेवारी हा कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. त्या निमित्ताने होणाऱ्या मेजवान्यांत व नाचांत नवख्या पाहुण्यासही ओढून घेतले जाते. नाच येत नाही ही सबब तेथे चालत नाही. परंतु स्कॉट लोकांचा खरा सण म्हणजे वर्षाची अखेरची रात्र, हॉगमने. १६४० साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने धर्मसुधारकांच्या आग्रहास्तव नाताळची सुटी बंद केली. ती सार्वजनिक सुटी म्हणून पुनः मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मधल्या तीन शतकांत हिवाळ्यातील आनंदाचा सारा भार या एका रात्रीवर पडला. त्या दिवशी घर झाडून लख्ख करावयाचे, चुलीतील राख बाहेर टाकावयाची, देणी फेडावयाची, आणि मध्यरात्र उलटल्यावर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा काळ्या केसांचा असावा, त्याने कोळसा, मीठ किंवा पाव हाती घेऊन यावे, असा संकेत आहे. स्टोनहेवन गावी लोक आगीचे गोळे गरगर फिरवीत रस्त्याने चालतात; शेटलंड बेटावरील लर्विक गावी जानेवारीच्या अखेरच्या मंगळवारी मशालींची मिरवणूक काढून एक लाकडी गलबत जाळले जाते.

ही वर्णने ऐकून मराठी माणसास परकेपणा वाटू नये. नरकचतुर्दशीस पायाखाली करीट चिरडणारे, लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी पुजणारे आणि रात्री केर काढून अलक्ष्मीस घराबाहेर घालविणारे लोक हा अर्थ सहज ओळखतील. जुने व मलिन ते बाहेर काढावे आणि अग्नीच्या साक्षीने नव्याचे स्वागत करावे, ही बुद्धी दोन्हीकडे एकच. या साम्याचा प्रत्यक्ष उपयोग करून दाखविणारा एक स्कॉट अध्यापक मराठी राज्यकर्त्यांच्या एका संस्थानात येऊन गेला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली बॅलेटर येथे झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८८ पासून १९१९ पर्यंत डंडी येथे त्याच विषयाचे प्राध्यापक होते. परंतु झाडास जशी माती तशी माणसास वस्ती, असा विचार करीत ते नगररचनेकडे वळले. १८८६ साली विवाह झाल्यावर त्यांनी एडिंबरोच्या जुन्या, दाट व गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यांस बरोबर घेऊन झाडलोट व रंगसफेती सुरू केली. १८८७ साली तेथेच त्यांनी विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहावा असा नियम होता. उन्हाळ्याच्या सुटीत ते अभ्यासवर्ग भरवीत, त्यांस युरोप व अमेरिकेतून विद्यार्थी येत. वसतिगृहास पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९१२ साली, शेकडो विद्यार्थी व नागरिक यांनी वेष घेऊन विद्येचा प्राचीन काळापासूनचा इतिहास एका भव्य देखाव्याच्या रूपाने रंगभूमीवर उभा केला. उत्सव हा केवळ पाहण्याचा नसून त्यात वावरण्याचा विषय आहे, हे गेडिस यांचे शिक्षणसूत्र होते.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. येथे प्लेगाची साथ १८९६ पासून ठाण मांडून बसली होती. ती हटविण्याचा सरकारी मार्ग महाराष्ट्राने चांगलाच पाहिला होता. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे शिपाई घरोघर शिरले, देवघरे व माजघरे धुंडाळली गेली, आजाऱ्यांस व त्यांच्या आप्तांस घरांतून हलविण्यात आले. हेतू रोग हटविण्याचा होता. पद्धत मात्र अशी की लोकांस रोगाहून उपायाचे भय अधिक वाटू लागले. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ चालू असता, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

वीस वर्षांनंतर गेडिस तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरास नगररचनेचा आराखडा करण्यास आले, तेव्हा तेथेही प्लेगाचे भय होते. गल्लीबोळांतून नकाशे घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक बोट दाखवीत. हाच रोग आणतो, अशी कुजबूज असे. तेव्हा गेडिस यांनी, त्यांच्या चरित्रांत सांगितल्याप्रमाणे, महाराजांकडे एका दिवसापुरता राजाधिकार मागितला. त्यांनी दवंडी पिटविली ती जप्तीची किंवा झडतीची नव्हे, दिवाळीच्या मिरवणुकीची. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या मार्गावर घरांची दुरुस्ती व साफसफाई सर्वांत चांगली होईल आणि दारापुढे झाडे लागतील, त्या मार्गाने ती जाईल. घरातील केरकचरा नगरपालिका फुकट वाहून नेईल.

मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आळीआळीत चुरस लागली. गेडिस यांनी पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे सहा हजारांवर गाड्या केर निघाला आणि हजारो उंदीर पकडले गेले. उत्सवाच्या दिवशी पुढे हत्ती, घोडे व लष्कर. मागोमाग पडक्या घरांचे देखावे, रोगांची भेसूर सोंगे, मलिनतेचा राक्षस आणि प्लेगाचा प्रचंड उंदीर. त्यांच्यामागून आले नगराचे झाडूवाले. त्यांचे कपडे पांढरे शुभ्र, पागोटी नवी, गळ्यांत फुलांचे हार, गाड्या ताज्या रंगविलेल्या. ज्यांस एरवी कोणी जवळ उभे करीत नसे, त्यांचा त्या दिवशी भररस्त्यात मान झाला. मग नगरलक्ष्मीचा रथ आणि भावी ग्रंथालय, संग्रहालय इत्यादिकांच्या प्रतिकृती आल्या. लोकांस तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी तो राक्षस व तो उंदीर आतषबाजीत जाळण्यात आले.

त्या वेळची साथ ओसरली. तिला ऋतुमानही कारण असेल. एका मिरवणुकीने प्लेग जातो असे कोणी म्हणू नये. परंतु जे काम संगिनीच्या धाकाने पुण्यात साधले नाही, ते इंदुरात लोकांनी आपण होऊन, हसतखेळत केले, ही गोष्ट मोठी आहे. लोकांच्या श्रद्धेस धक्का न देता तिच्यातच नव्या ज्ञानास जागा करून देता येते, हा तिचा धडा होय. नरकासुर तोच राहिला. त्याचा चेहरा मात्र लोकांस आता ओळखू आला.

इंदूरचा विस्तृत अहवाल १९१८ साली छापला गेला. पुढील वर्षी गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांस परदेशी अभ्यासास पाठविण्याची शिफारस त्यांचीच. घुर्ये परत आल्यावर १९२४ साली तोच विभाग सांभाळू लागले. तो विभाग आज उपनगरात, कलिना येथे आहे. गेडिस मात्र प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथे त्यांनी निरनिराळ्या राष्ट्रांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्कॉट लोकांचे महाविद्यालय’ उभारले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच देह ठेवला.

आज मराठी घरांतील मुले एडिंबरो व ग्लासगो येथे शिकत आहेत, आणि परदेशी विद्यार्थी पवई व कलिना येथे येत आहेत. दोघांनीही सण पाहावेत, छायाचित्रे घ्यावीत. परंतु हॉगमनेच्या आदल्या दिवशी यजमानीणबाईंबरोबर राख उचलणाऱ्यास, किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या चाळीत दिवाळीपूर्वी जिना धुऊ लागणाऱ्यास, तो देश जितका कळेल तितका सज्जातून मिरवणूक पाहणाऱ्यास कळणार नाही. पाहुण्याच्या हाती केरसुणी देण्यास यजमानांनीही संकोच करू नये. उत्सवाचे खरे आमंत्रण तेच होय.